गिरणीने दिलेली बहीण

मी, ओपल रूथ स्टिडहॅम, कै. होबार्ट स्टिडहॅम यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार कोल्टर्स गॅप, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले, पण डोकं ठिकाणावर आहे; शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावे. मूलबाळ नाही. याआधी लिहिलेलं आणि रागाच्या भरात बोललेलं सगळं रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, मागचं आवार आणि कोंबड्यांचं खुराडं याच घरात माझ्यासोबत राहणाऱ्या वर्ली कॉम्ब्स हिला द्यावं. वकीलबाईंनी नातं विचारलं. कायद्याने ती माझी कोणी नाही, म्हणून तर हा कागद. एकोणीसशे एकोणपन्नास साली इथल्या रेडिओला पहाटेच्या कार्यक्रमासाठी गाणाऱ्या बहिणी हव्या होत्या. खर्च पिठाच्या गिरणीचा, तिच्या जाहिरातीसाठी. गिरणीचे मॅनेजर टॉलिव्हरसाहेब यांनी आम्हा दोन अनोळखी मुलींना एका मायक्रोफोनसमोर उभं केलं आणि 'रिजवे भगिनी' असं नाव ठोकून दिलं. रिजवे नावाचं कोणी आमच्या दोघींच्याही घराण्यात नव्हतं.

ऐकणाऱ्यांना ते खरं वाटलं. माझी आई गेली तेव्हा खोऱ्यातल्या बायकांनी दोघींच्या नावाने सांत्वनाची पत्रं पाठवली. वर्ली आधी ती उघडायलाही लाजली, मग चर्चमध्ये पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसून माझ्यापेक्षा जास्त रडली. त्या दिवसापासून मी तिला माझी बहीण मानली.

पुढे आम्ही टेलिव्हिजनवर गेलो आणि पंचाईत झाली. मी ताडमाड, ती बुटकी. गिरणीने एकाच ठाणाच्या कापडाचे झगे शिवले, तरी लोक विचारायचेच. टॉलिव्हरसाहेबांनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की थोरली बापावर गेली आहे. माझा बाप जेमतेम पाच फुटांचा, आणि तो हे घरी बसून बघत होता.

कलम २. गिटार चर्चच्या मुलांना द्यावी. बँजोवाला क्लेटस मागायला येईल, त्याला देऊ नये. चालू कार्यक्रमात तो मुद्दाम लय वाढवायचा आणि आम्हाला धाप लागली की हसायचा.

कलम ३. बँकेतल्या शिलकेतून दफनाचा खर्च भागवावा. उरेल ते वर्लीला, छपरासाठी. लोकांना मक्याचा पाव, घेवडा आणि हॅम पोटभर वाढावं. दफनभूमीत माझ्या जागेच्या एका बाजूला होबार्ट आहे, दुसरी जागा वर्लीची. होबार्टची हरकत नव्हती. "तुम्ही दोघी बोलत बसा, मी झोपतो," असं तो म्हणायचा.

कलम ४. भाचा गार्लंड मलिन्स याला नदीकाठचं शेत मी हयातीतच दिलं आहे, म्हणून इथे त्याला काही नाही. गेल्या थँक्सगिव्हिंगला तो पोर्च पावलांनी मोजत होता. वर्ली टर्की कापत असताना तिच्यादेखत म्हणाला, "आत्या, तू गेल्यावर या बाईंची कुठेतरी सोय बघावी लागेल." त्या हिवाळ्यात वर्लीने आपले कपडे खोक्यांत भरून ठेवले. मला ते फार लागलं. गार्लंड वाईट नाही. विचार न करता बोलायची खोड आमच्या घराण्यातच आहे. पण या घरातून वर्लीला कोणी हलवू नये, ही माझी एकमेव इच्छा आहे. बाकी मला आयुष्याने भरपूर दिलं.

(सह्यांआधी हाताने लिहिलेलं:) ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. मग गार्लंडहून लायक कोण? त्यालाच बोलावलं. त्याने कागद दोनदा वाचला. कान लाल झाले. खिशात स्वतःचं पेन असताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि म्हणाला, "वर्ली आत्या, पेन आहे का गं?"

वर्लीने कणीक मळता मळता, वर न बघता सांगितलं, "आत्या म्हणतोस, तर बूट पुसून आत ये."

सही: ओपल रूथ स्टिडहॅम

साक्षीदार: १) गार्लंड मलिन्स २) ड्रीमा हॅगर, शेजारीण

कोल्टर्स गॅप, १२ मार्च २००४