कोंडलेल्या वाफेची हकिगत

मुक्काम शेडच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली,
तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर

राजमान्य राजेश्री मेव्हणे विजयसिंहराव यांस, हंबीररावाचा सप्रेम रामराम.

आपण, सौ. क्रांती आणि मुलं पुण्यात सुखरूप असाल अशी खात्री आहे. इकडे सगळं क्षेम आहे. माझा गुडघा फक्त जिना चढताना दुखतो, आणि आमच्या घराला जिनाच नसल्यामुळे दुखत नाही असंच म्हणावं लागेल. आपली बहीण संयोगिता हिची तब्येत ठणठणीत आहे. आवाजावरून कळतं. (माझ्याशी ती गेले बारा दिवस बोललेली नाही, पण शेडमधला आवाज अंगणात स्पष्ट येतो.) आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर घरातला मोबाइल आता बचत गटाच्या मालकीचा झाला आहे आणि तो सदैव तिच्या कमरेला असतो. पुरुषानं आपली बाजू मांडावी कुठं? म्हणून हा कागद.

तुम्हाला ठाऊकच आहे की तिनं गावातल्या अकरा बायका जमवून रताळ्याचं उपवासाचं पीठ करायचा उद्योग काढला आणि सरकारी योजनेतून ड्रायर मिळवला. ड्रायर म्हणजे पत्र्याचं उभं कपाट. खाली लाकडाची भट्टी, मध्ये जाळीचे बारा ट्रे, माथ्यावर वाफ जायला वीतभर भोक. रताळ्याचे काप ट्रेवर पसरायचे, वाळले की दळायचे, एवढंच काम. उद्घाटनाला तीन पुढारी आले, तिघांनी मिळून एक फीत कापली आणि भट्टी पेटवायची वेळ आली तेव्हा कुणाकडेच काडेपेटी निघाली नाही. पुढं कळलं की या कपाटात एक घाणा वाळायला बावीस तास लागतात आणि लाकूड तर विचारूच नका. त्यात कागलच्या प्रभुलिंगअण्णांनी, म्हणजे किराण्याच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी, महाशिवरात्रीसाठी दोनशे किलो पिठाची ऑर्डर दिली. तालुक्याच्या साहेबांनी सांगून ठेवलं की ही ऑर्डर वेळेत गेली नाही, तर ड्रायर उचलून कोडोलीच्या गटाला देणार. कोडोलीच्या बायका येऊन टेपनं त्याचं मापसुद्धा घेऊन गेल्या. तेव्हापासून आपल्या बहिणीची झोप उडाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. (म्हणजे माझीही उडाली होती.)

साहेबांनी मग पन्हाळ्यावर एका हॉलमध्ये ‘ड्रायरची कार्यक्षमता कशी वाढवावी’ यावर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर आफ्रिकेतला सिनेमा दाखवला. तिथले लोक कसावा नावाचा कंद, म्हणजे ज्याचा आपण साबुदाणा करतो तो, किसून वाळवून त्याचं पीठ करतात. साहेब म्हणाले, जिथं जिथं कसावा दिसेल तिथं तिथं तुम्ही रताळं समजा. त्यावर आमच्या गटातली सगळ्यात थोरली बयाबाई उभी राहिली आणि म्हणाली, “सायेब, आमच्या ड्रायरचं दार लागत न्हाय, तितं काय समजू?” साहेबांनी प्रश्न फार चांगला असल्याचं सांगितलं, वहीत टिपून घेतला आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवण चांगलं होतं. बासुंदी होती.

आता मुख्य मुद्दा. साखर कारखान्याच्या बॉयलरवर मी एकतीस वर्षं काढली. तिथं वाफ गळणं म्हणजे नोकरीवर गदा. कुठं सुईएवढी फुसफुस ऐकू आली की मी हातातला घास टाकून धावायचो. अशा माणसाला घराशेजारच्या शेडमध्ये, वीतभर भोकातून, रात्रंदिवस वाफ निघून जाताना बघावं लागत होतं. किती दिवस सोसणार? रथसप्तमीला बायका हळदीकुंकवाला गेल्या. जाताना तुमच्या बहिणीनं बजावलं, “निस्ती लाकडं घालायची. दुसऱ्या कशाला हात लावायचा न्हाय.” मी हात लावला नाही. काठी लावली. काठीनं एक पोतं त्या भोकात गच्च कोंबलं. अर्ध्या तासात तापमानाचा काटा पंचावन्नवरून अठ्ठ्याहत्तरवर गेला. विजयसिंहराव, डोळ्यांत पाणी आलं हो. बावीस तासांचं काम आता सहा तासांत उरकणार, या आनंदात मी शेजाऱ्याच्या फोनवरून साहेबांना आणि प्रभुलिंगअण्णांना दुसऱ्या दिवशी सकाळी पाहणीसाठी आमंत्रणही देऊन टाकलं.

सकाळी सगळ्यांसमोर दार उघडलं. रताळी वाळली नव्हती, उकडली होती. (आतली ओल बाहेर गेल्याशिवाय वस्तू वाळत नाही, हे दोरीवर कपडे घालणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं. बॉयलरवाल्याला ते कळायला एकसष्ट वर्षं लागली.) एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मी कोंबलेलं पोतं नेमकं ते निघालं, ज्यातून उन्हाळ्यात घरच्या वर्षभराच्या चटणीचा लसूण आणला होता. रात्रभर त्याचा अर्क वाफेबरोबर आतल्या आत फिरत राहिला. प्रभुलिंगअण्णा घरचे कडक, शिवरात्रीला पाणीसुद्धा मोजून पिणारे. त्यांनी एक काप नाकाशी नेला आणि म्हणाले, “हंबीरराव, ह्ये उपासाचं हाय का मिसळीचा कट?” ऑर्डर टिकवायची तर आठ दिवसांत दोनशे किलो, आणि प्रत्येक पोतं मी स्वतः हुंगणार, असं सांगून ते निघून गेले. पन्नास किलो रताळी म्हशीला घातली. तिला उपवास नसल्यामुळे तिनं आवडीनं खाल्ली. संयोगितानं नुसतं माझ्याकडं पाहिलं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात मला तेव्हा पहिल्यांदा खरी भीती वाटली.

पुढचं सगळं बयाबाईनं केलं, आणि हे मी फक्त तुम्हाला लिहितो आहे. तिनं पोतं उपसून फेकलं, दाराला सायकलची ट्यूब ताणून बांधली, काप पापडीसारखे पातळ करायला लावले आणि दर तासाला खालचे ट्रे वर, वरचे खाली असा फेर धरला. घाणा नऊ तासांवर आला, लाकूड निम्म्यावर. आठव्या दिवशी अण्णांनी दोनशे किलो हुंगून उचललं. ड्रायर वाचला. पण साहेबांनी अहवालात लिहिलं की ‘अनुभवी तंत्रज्ञ श्री. हंबीरराव यांच्या मार्गदर्शनाखाली कार्यक्षमतेत भरीव वाढ झाली’. माझा यात काडीचाही हात नाही. तो अहवाल गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचला गेला, आणि लगेच ठराव झाला की हंबीररावांनी शेडचा उंबरा ओलांडू नये. ठराव माझ्याच पेनानं लिहिला.

तेव्हा मी प्रकृतीच्या कारणास्तव तांत्रिक कामातून स्वखुशीनं निवृत्त झालो असून, सध्या झाडाखाली बसून कच्च्या मालाची पूर्वतयारी हे खातं सांभाळतो. (रताळी धुतो.) मला कुणाबद्दल तक्रार नाही. मुलांना आशीर्वाद.

आपला,
हंबीरराव

ता. क. तक्रार नाही असं वर लिहिलं, ते खरं नाही. घरात करमत नाही. ती ताट वाढते, पाणी ठेवते आणि जाते. तुम्ही सहज म्हणून फोन करा, आणि बोलता बोलता सांगा की असली चूक भल्याभल्या इंजिनियरांकडून होते. तुम्ही इंजिनियर आहात, तुमच्यावर विश्वास ठेवेल.

आणखी ता. क. तुमच्या कारखान्यात पंखे होतात. वाफ बाहेर खेचणारा एक नऊ इंची पाठवा. घाणा सात तासांवर येईल, हिशोब मी तीनदा केला आहे. (बयाबाईला विचारूनच केला आहे.) पार्सलवर पाठवणारा म्हणून माझं नाव घाला, आणि हे पत्र वाचून फाडून टाका.

विजू, इथून पुढचं अक्षर माझं. तुझा नवा पत्ता ह्यांना ठाऊक नाही, म्हणून पाकीट माझ्यापुढंच आणून ठेवलं. आत काय आहे हे मी न विचारताच म्हणाले, लाइट बिलाची तक्रार. वाचलं सगळं. फोन करू नकोस, मी ऐकणार नाही. पंखा मात्र पाठव. नऊ इंची नको, बारा इंची पाठव, भोक वाढवायचं ठरलंय. नाव ह्यांचंच घाल. बसवायला गावात दोन वायरमन आहेत, पण मी ह्यांच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही. एवढं ह्यांना आत्ताच कळू देऊ नकोस. उद्या तीन पोती रताळी धुवायची आहेत, आणि ह्यांच्यासारखी स्वच्छ आम्हा बारा जणींत एकीलाही धुता येत नाहीत.