कोपरा न कापलेले फडके

मी, खाली सही करणारा, वय पूर्ण बहात्तर, धंदा गाड्या धुणे व त्यांचा रंग राखणे, असे लिहून ठेवतो की आज सकाळी नाश्ता करून, चष्मा पुसून, बाजूला बसून कोणी ढोसण्या देत नसताना मी हा कागद पुढ्यात घेतला आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझे डोके ठिकाणावर असल्याचे म्हटले आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी लिहायचे टाळले. यापूर्वी केलेली दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिले मी रागात केले होते आणि दुसरे मुलाच्या सांगण्यावरून.

कलम एक. राहते घर, वरची गच्ची व मागची शेड धरून, माझ्या पत्नीचे. तिच्या हयातीत तिला 'आमच्याकडे येऊन राहा' असे कोणीही दोनदा विचारू नये. एकदा विचारले तर ती माया समजू. दोनदा विचारणाऱ्याचा घरावर डोळा आहे असे धरून चालावे.

कलम दोन. बँकेतील ठेवी मुलगा आणि मुलगी यांना निम्म्या निम्म्या. आकडे पासबुकात आहेत.

कलम तीन. धुलाईकेंद्र, दोन्ही शेड, पाण्याची टाकी, प्रेशर पंप व गिऱ्हाइकांची वही मुलीला. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. तो ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर आहे आणि त्याने तिथेच राहावे. त्याने आयुष्यात एकदा हौसेने गाडी धुतली, तीही भांडी घासायच्या साबणाने, भर उन्हात. बॉनेट तव्यासारखे तापलेले, फेस जागच्या जागी वाळून पांढरे डाग पडलेले. "हे काय?" मी विचारले. "बाबा, याने चकाचक निघतं," तो म्हणाला. निघते खरे, त्यासोबत वॅक्सही निघते. मुलगी बापाला उलट बोलते आणि टायर शेवटी धुते. धंद्याला या दोन्ही गोष्टी लागतात.

कलम चार. धुण्याचे सामान मुलीकडेच जाईल, पण ते वापरायची रीत कोणी मोडली तर माझ्या नावाची पाटी उतरवावी. गाडी सावलीत घ्यावी आणि बॉनेटवर उलटा हात ठेवून गार असल्याची खात्री करावी. अंगठी, घड्याळ व पट्ट्याचे बक्कल काढून ठेवावे. प्रथम नुसते पाणी, छतापासून खाली, भरपूर, म्हणजे सुटी धूळ आपल्या पायांनी निघून जाते. बादल्या दोन हव्यात. एकीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी आणि तळाला जाळी. हातमोजा गाडीवरून फिरला की आधी साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. हात सरळ चालवायचा, गोल नाही. पक्ष्याने घाण केली असेल तर ओला कपडा दहा मिनिटे ठेवून ती भिजू द्यावी, नखाने खरवडू नये. पुसताना टॉवेल पसरून दाबावा आणि उचलावा, ओढू नये.

आणि फडके जमिनीवर पडले, तर ते किती का स्वच्छ दिसेना, तिथल्या तिथे कात्रीने त्याचा कोपरा कापायचा. कोपरा कापलेले फडके टायरचे, कायमचे. हा नियम माझा. तो मोडला म्हणून मी दोन माणसे कामावरून काढली आहेत.

कलम पाच. समोरच्या घरातील निवृत्त साहेबांना माझा तीस फुटी पाण्याचा पाइप द्यावा. गेली बारा वर्षे ते रोज सकाळी सात वाजता धुळीने माखलेली गाडी कोरड्या झाडणीने झटकतात. मला ते पलंगावर पडल्या पडल्या ऐकू येते. मी एकदा म्हटले, "साहेब, आधी पाणी मारा हो." ते म्हणाले, "शेठ, तुम्ही तुमचा धंदा बघा, मी पाणी वाचवतो." पाइप देताना मुलीने काही बोलू नये. नुसता द्यावा.

कलम सहा. माझी गर्द निळी गाडी. ती मी भंगारवाल्याकडून पत्र्याच्या भावात आणली. इंजिन मी उभे केले. रंग माझ्या धाकट्या भावाने दिला, तीन आठवडे, थरावर थर, प्रत्येक थर पाण्याच्या पॉलिशपेपरने घासून. तेव्हा आम्ही दोघे एकाच शेडमध्ये होतो, धुलाई माझी आणि रंग त्याचा. ढगाळ दिवशी ती काळी दिसते आणि उन्हात आली की आतून निळी होते. तो रंग पाहायला लोक दुसऱ्या गावांहून यायचे आणि आले की आपापल्या गाड्या धुवायला टाकून जायचे. खरे सांगायचे तर माझा धंदा त्याच्या रंगावर चालला. ही गाडी मी धाकट्या भावाला देतो. ती घ्यायला तो येईल का, हे मला सांगता येत नाही. एकोणीस वर्षे आम्ही बोललेलो नाही. का, ते पुढच्या कलमात.

कलम सात. दुसऱ्या शेडचे उद्घाटन होते. गाडी दारात उभी करायची म्हणून भाऊ सकाळी ती धुऊन पुसत होता. खांबाला बांधलेल्या दोरीवर धुतलेली फडकी वाळत होती. ती मी काढत असताना एक माझ्या हातून खाली पडले, ग्राइंडरच्या शेजारी, लोखंडाच्या किसात. कोपरा कापायला कात्री शोधली. कात्री फीत कापायच्या ताटात सजवून ठेवलेली होती. पाहुणे यायला लागले होते. मी फडके दोनदा झटकले आणि स्वच्छ गठ्ठ्यावर ठेवले.

मग मी आत फोनवर बोलायला गेलो. बोलता बोलता बाहेरून बारीक आवाज आला. कापडाखाली कण अडकला की कापडाचा आवाज बदलतो. हा आवाज ओळखण्याबद्दल माझी ख्याती होती. मी ओळखला, आणि फडके कोणते तेही ओळखले. हाक मारली असती तर एका ओरखड्यावर भागले असते. मी फोन संपवला. तोवर बॉनेटभर ओरखडे उठले होते, उन्हात झाडून सगळे दिसत होते.

दहा-बारा गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "फडकं पाडलंस ना खाली?"

भाऊ म्हणाला, "नाही दादा. गठ्ठ्यातलं वरचंच घेतलं. कोपरा बघून घेतलं."

"मला आत आवाज आला. माझे कान खोटे का?"

माझे कान खोटे आहेत असे म्हणणारा तिथे कोणी नव्हता. भाऊही नव्हता. त्याने हात धुतले, स्प्रे गन पिशवीत घातली आणि गेला. त्यानंतर एकाही गॅरेजने त्याला गाडी रंगवायला दिली नाही. ज्याने सख्ख्या भावाच्या गाडीचे बॉनेट खरवडले त्याला कोण देणार? तो लोखंडी फाटके आणि कपाटे रंगवतो. बॉनेट मी परत रंगवून घेतले नाही. लोक म्हणतात, भावाची आठवण म्हणून. तसे नाही. तो रंग जुळवणारा दुसरा माणूस मला मिळाला नाही.

तरी मी लिहून देतो की फडके माझ्या हातून पडले, कोपरा मी कापला नाही, आणि हे मला त्याच क्षणी ठाऊक होते.

इथवरचा मजकूर, वरच्या 'आज सकाळी'सकट, मागच्या आठवड्यात लिहून झाला होता आणि मी तो पत्नीला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे अहो, तुम्ही गेल्यावर भावोजींना हे कळणार. मग त्यांनी भांडायचं कुणाशी? तुमच्या फोटोशी?"

मी म्हटले, "गाडी देतोय ना."

"गाडी कुणी मागितली तुमच्याकडे?"

मी भावाला निरोप धाडला, की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही हवी आहे. हा कागद तपासणारे वकीलसाहेब लगेच म्हणाले, "शेठ, ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार राहू नये. उद्या कोणीतरी त्यावर बोट ठेवेल. एक काय ते ठरवा." मी म्हटले, तोच ठरवील.

भाऊ आज सकाळी अकराला आला. केस सगळे पांढरे, नखांत हिरवा रंग. मुलीने खुर्ची पुढे केली. बसला नाही. उभ्यानेच कलम सात वाचले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. ऑफिसात मी, मुलगी, वकीलसाहेब आणि डॉक्टर होतो.

मग तो म्हणाला, "तू आवाज आला म्हणालास, तेव्हा मलाही वाटलं, आला असेल. माझ्याच हातून पडलं असेल, लक्षात नसेल."

त्याने कागद टेबलावर ठेवला.

"एकोणीस वर्षं मी फाटक पुसतानासुद्धा कान लावतो, दादा. लोखंडी फाटक."

वकीलसाहेबांनी त्याला नियम समजावून सांगितला, गाडी घेतली तर सही नको, सही केली तर गाडी नको. भाऊ म्हणाला, "रंग माझाच आहे. पत्रा ज्याला द्यायचा त्याला द्या." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सही करतो. पण हे मेल्यावर वाचायचं नाही. ह्या कलमाची नक्कल आज दुकानात लागली पाहिजे. जिथं गिऱ्हाईक उभं राहतं तिथं."

मुलगी म्हणाली, "बाबा, पाट्या रंगवणारे येतात त्यांच्याकडून—"

"तुझ्या बापाच्या हातची," तो म्हणाला.

मी लिहिली. बोटे दुखतात, अर्धा तास लागला. मुलीने ती काउंटरशेजारी, दरपत्रकाच्या वर लावली. लावत असताना दोन गिऱ्हाइके वाचत उभी राहिली. त्यांतले एक त्या उद्घाटनाला हजर होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे, आणि गाडीची किल्ली न देताच निघून गेले. ते परत येतील किंवा येणार नाहीत. मुलीने तयारी ठेवावी.

वरील कारणाने पुढील दुरुस्त्या करतो. कलम सहामधील 'धाकट्या भावाला' हे शब्द खोडून तेथे 'मुलीला' असे वाचावे; खोडाखोडीवर माझी लहान सही आहे. बॉनेटला रंग द्यायचा झाल्यास तो भावाला विचारून, त्याने नाही म्हटल्यास द्यायचा नाही. बाकीची सर्व कलमे माझ्या पश्चात अमलात यावीत. कलम सात आज दुपारी सव्वाबारापासून लागू आहे.

स्थळ: धुलाईकेंद्राचे ऑफिस, टाकीसमोर.
दिनांक: १४ मार्च २०२३, मंगळवार.

लिहून ठेवणार: (सही) धुलाईकेंद्राचा मालक.

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. त्या वेळी ते शुद्धीवर होते व नेहमीपेक्षा कमी बोलत होते.

साक्षीदार दुसरा: (सही) रंगारी, लिहून ठेवणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. लिहून ठेवणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मी बाहेर जाऊन भिंतीवरची नक्कल या कागदाशी शब्दाला शब्द ताडून पाहिली. त्यानंतर सही केली.