शेपटीवरचा शेवटचा आकडा

फरीदाबाद

ती. सुमित्राआत्यास,
सा. नमस्कार.

तुझ्या देवघरातला, महायुद्धात कोसळलेल्या बॉम्बरचा फोटो आजोबांच्या विमानाचा नाही. शेपटीवरचा शेवटचा आकडा आठ असल्याचे मीच तुला खात्रीने कळवले होते. काल मूळ निगेटिव्हवरून काढलेली स्वच्छ प्रत मिळाली. आकडा तीन आहे. बाकीचा ओरखडा होता.

आज फोनवर तू म्हणालीस, “पंच्याऐंशीव्या वर्षी वडील सापडले बघ मला. नक्की तेच ना रे विमान?”

“बिल्कुल, आत्या,” मी म्हणालो.

त्यामुळे हे पत्र पाठवणार नाही. तू वाहतेस ती फुले दुसऱ्याच एका वैमानिकाला पोहोचतात. त्याचे नाव मी शोधले आहे. वय बावीस, अविवाहित. त्याला फुले वाहणारे आता कोणी उरले असेल, असे वाटत नाही. फोटो तुझ्याकडेच राहू दे.

तुझा भाचा,
पद्माकर