अम्गऱ्यातलं टेबल

फिंतास, कुवेत

शरद भावोजी,

फुटबॉल क्लबातली हिशेबाची नोकरी तुम्ही मिळवून दिलीत, म्हणून तुम्हालाच सांगते: मी राजीनामा देणार नाही.

आमचा फॉरवर्ड इमानुएल याचा गुडघा गेला. करार अजून दोन वर्षं आहे. लीगने क्लबाच्या एकूण पगारांवर घातलेल्या मर्यादेचा मोठा वाटा तो एकटाच खातो, म्हणून नवा खेळाडू घेता येत नाही. मी मॅनेजरना सुचवलं, रक्कम हप्त्यांनी देऊन करार संपवा, म्हणजे त्या मर्यादेवरचा भारही काही वर्षांत वाटला जाईल. ते हसले. "मॅडम, या उन्हात त्याला एकट्याला पळवू. आपणच सोडून जाईल. मग काही द्यायलाच नको."

इमानुएल खरंच राजीनामा लिहायला बसला होता. मी त्याला म्हटलं, "सही करू नकोस. आपणहून गेलास तर सगळा हक्क जाईल." ऑफिसातली गोष्ट बाहेर सांगायचा मला अधिकार होता का? कदाचित नसेल. तरी पुन्हा सांगेन.

हे मॅनेजरना कळलं. आता माझं टेबल शहराबाहेर, अम्गऱ्याच्या भंगारवस्तीतल्या क्लबाच्या गोदामात आहे, गोलच्या फाटक्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी. काम काहीच देत नाहीत. काल तुम्ही फोनवर म्हणालात, "योगिनी, कशाला अपमान सोसतेस? दे सोडून." हे वाचूनही तुम्ही तेच म्हणाल, म्हणून पत्र पाठवत नाही.

इमानुएल अजून लंगडत मैदानाला फेऱ्या मारतो. मीही रोज वेळेवर गोदाम उघडते. काढायचं असेल तर त्यांनी काढावं, आणि लेखी काढावं.

तुमची हट्टी मेहुणी,
योगिनी