एक शनिवार मागे

पपा, तुम्ही गेलात त्या आठवड्याचा पराशा, शनिवारी वाचायचा भाग, परवाच्या शनिवारी येतोय, आणि मला तुमच्याशी बोलायचंय.

मेहरूणच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघंच उरलो होतो. आपली मशीद मुंबईला. आपणही प्रार्थनाघराला मशीदच म्हणतो याची शेजारच्या चाचांना भारी गंमत वाटायची. जळगावात प्रार्थनेला लागणारे दहा ज्यू पुरुष कुठून मिळणार? म्हणून तुम्ही घरीच वाचायचात. शनिवार मोकळा मिळावा म्हणून मालधक्क्यावरच्या सगळ्यांच्या रविवारच्या ड्युट्या अंगावर घ्यायचात. तोरेचे, आपल्या धर्मग्रंथाचे, वर्षभरासाठी भाग पाडलेले, दर शनिवारी एक, आणि जगभरचे ज्यू त्या दिवशी तोच वाचतात, यावर तुमचा फार जीव. ताई लग्न होऊन इस्रायलला निघाली तेव्हा स्टेशनवर तुम्ही तिला म्हणालात, "रडू नकोस. शनिवारी तू उघडशील तेच पान मी इथं उघडेन." त्यानंतर वाचताना तुमचा आवाज चढला. जणू तिला ऐकू जायला हवं. वाचून झालं की मला विचारायचात, "काय घेतलंस यातून?" मी काहीतरी सांगायची. "ताईनं बरोबर सांगितलं असतं," असं म्हणून तुम्ही पुस्तक मिटायचात, आणि मी आतल्या आत जळायची.

मग त्या वर्षी पेसाहच्या सणानंतर मुंबईचे काका आले. जेवताना सहज म्हणाले, "दादा, यंदा इस्रायलवाले आपल्या एक पराशा पुढे आहेत. त्यांचा सण सात दिवसांचा, आपला आठ. आठवा दिवस शनिवारी आला. आपण सणाचं वाचलं, ते पुढे सरकले." तुमचा घास हातातच राहिला. "कधीपर्यंत?" "भर पावसाळ्यात पडेल गाठ." त्या संध्याकाळी तुम्ही दिवा न लावता ओट्यावर बसलात. शेजारच्या अक्कांनी कारण काढून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरगी पुढे गयी, ते चांगलंच शे ना भाऊ. तिले वाट माहीत शे. तुम्ही या मांगून." मी म्हटलं, एक भाग सोडून द्या, गाठाल तिला. केवढे चिडलात. "धडे ऑप्शनला टाकायचे असतात. तोरा नाही. ज्यांच्यात राहतो त्यांच्याबरोबर वाचायचं." तेव्हापासून मात्र तुमचा आवाज खाली आला. मला तो अजून सलतो.

पावसाळ्यात तुम्ही सरकारी दवाखान्यात. शुक्रवारची दुपार आहे, पंखा कुरकुरतोय, आणि तुम्ही म्हणता, "आज तिचा वाच." मी ताईचा, आपल्याहून एक शनिवार पुढचा भाग उघडते. मग वाचते. मोशेची बहीण मिर्याम मरते, लोकांचं पाणी तुटतं. मोशे आपल्या भावाला, अहरोनला, शेवटचं डोंगरावर नेतो. तिथे मी थांबते. तुम्ही डोळे मिटूनच म्हणता, "वाच. अजून त्याचे धर्मगुरूचे कपडे उतरवून मुलाच्या अंगावर घालायचेत." मी वाचलं, कसंबसं. तुम्ही विचारलंत, "काय घेतलंस?" मी तुमची चादर नीट केली. या वेळी तुम्ही ताईचं नाव काढलं नाहीत. माझा हात धरून झोपलात.

पुढच्या गुरुवारी गेलात. तोच भाग दोन दिवसांवर आला होता, तुमच्या शनिवारचा म्हणून. खांदा द्यायला चाचा आले, अक्कांची मुलं आली, मालधक्का अख्खा आला. दहाच्या कितीतरी वर माणसं, सगळी रडणारी, पण दहांत धरता येईल असा ज्यू काकांशिवाय कोणी नाही. गेलेल्यामागची प्रार्थना, काद्दिश, राहून गेली. ताईला कळलं तोवर ती आणखी पुढच्या पानावर होती.

आता ती दर शुक्रवारी फोन करते. यंदाही त्यांचं-आपलं एका शनिवारचं अंतर पडलंय. ती म्हणते, "तू एकटीच आहेस तिथं, आमच्याबरोबर वाच ना, तेवढीच सोबत." मी हो म्हणते. पपा, खोटं बोलते. मी तुमचाच वाचते. ती पुढे असली तरी तिच्याजवळ तिची माणसं आहेत. तुम्हाला एकट्याला मागे ठेवून मला जाववत नाही.