तळ अजून यायचाय

रविवार, ८ फेब्रुवारी २००९. सॅन लिअँड्रो.

संकल्प: या वर्षी स्वतःचं घर.

सगळा बे एरिया, खाडीभोवतीची सगळी गावं, डोकं धरून बसलाय. घरांचे भाव कोसळतायत, टीव्हीवर रोज कोणीतरी रडतं. शांत फक्त मी. इतकी वर्षं शिक्षक, नर्सा, माझ्यासारखे कार्पेट विकणारे, कोणालाच इथे घर परवडत नव्हतं. आता घरं आपल्या पायांनी खाली उतरून आमच्याकडे येतायत. आपण फक्त उभं राहायचं.

कॉनीच्या माहेरी, मागच्या अंगणातल्या खोलीत आम्ही लग्नानंतर 'दोनच महिने' म्हणून आलो होतो. आमची लेक टेसा आता चौथीत आहे. तिच्या आणि आमच्या पलंगामध्ये एक पडदा. कॉनी म्हणते, अँटिऑकचे भाव आपल्या आवाक्यात आलेत, लांब तर लांब, घेऊन टाकू. दातांच्या डॉक्टरकडे दिवसभर लोकांचे दात साफ करून तिला घाईची सवय लागलीय. मी समजावलं, भाव घसरत असताना घेतो तो मूर्ख. तळ येऊ द्यायचा. तळ आला की मला कळेल. कसं, ते सांगता येत नाही. कार्पेटवरून हात फिरवला की मला वीण कळते, तसं.

(दुकानात गिऱ्हाईक फारच कमी. याचा घरांशी काही संबंध नसावा.)

रविवार, १ मार्च.

अँटिऑकला एक पिवळं घर पाहिलं. एजंट बर्नाडेट, बोलघेवडी बाई. कॉनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली ती हलेचना. टेसाने आपली खोली ठरवून टाकली, दारावर पाटी काय लावायची तेही.

मी आकडा सांगितला. बर्नाडेटने विचारलं, "हाच लिहू?" मी म्हटलं, हाच. ती म्हणाली, "लेनी, मालकाला हसायला येईल." म्हटलं, हसू दे, शेवटी मालक घायकुतीला येतो.

बुधवार, ४ मार्च.

पिवळं घर दुसऱ्याने घेतलं. आपण वाचलो, असं कॉनीला सांगितलं. उन्हाळ्यात तेच घर आणखी स्वस्तात मिळालं असतं. ती म्हणाली, "उन्हाळ्यात त्या घरात दुसरं कोणीतरी झोपलेलं असेल, लेनी."

स्त्रियांना आलेख वाचता येत नाहीत. हे तिला म्हटलं नाही. फक्त इथे लिहितोय.

रविवार, २९ मार्च.

नवी योजना. एजंटच्या मागे मेंढरासारखं हिंडायचं नाही. हप्ते थकलेली घरं बँक ताब्यात घेते, त्यांच्या लिलावाच्या नोटिसा पेपरात येतात. ती घरं विक्रीला लागायच्या आधीच आपण जाऊन बघून यायची. शत्रूच्या गोटात शिरायचं. मोजायची टेप आणि कागद लावायची पाटी दुकानातून घेतली. तसाही तिथे त्यांना हात लावणारा कोणी नाही.

शनिवार, ४ एप्रिल.

आजचा दिवस यशस्वी. थोडं सविस्तर लिहितो.

अँटिऑक. एकमजली, कोपऱ्यावरचं. छप्पर उत्तम. कुंपणावरून वाकून बघत होतो, गळ्यात टाय, हातात पाटी, तेवढ्यात दार उघडलं. ठेंगणीशी फिलिपिनो बाई, वृद्धाश्रमात काम करतात तसला गणवेश. म्हणाली, "बँकेकडून आलात ना? या, या साहेब. कधीची वाट बघतोय आम्ही."

मी नाही म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण 'साहेब'. दुकानात मला सगळे 'ए लेनी' म्हणतात.

नाव एर्लिंडा बालुयोत. नवरा नेस्टर ट्रक चालवतो, ट्रिपा निम्म्यावर आल्या तसे हप्ते थकले. तिने सगळं घर दाखवलं. न्हाणीघरातल्या फरश्या नेस्टरने सुट्टीच्या दिवशी स्वतः बसवलेल्या. "एकसुद्धा हलत नाही, साहेब, पाय आपटून बघा." मी पाय आपटून बघितला. खरंच हलली नाही. बैठकीच्या खोलीत भलंमोठं कराओके मशीन, कार्पेट मात्र अगदी हलकं. ते बदलावं लागेल.

मग कुंडीतल्या झाडाची इवलीशी लिंबं पिळून सरबत दिलं आणि समोर बसली. म्हणाली, "हप्ता कमी करून द्या म्हणून अर्ज केलाय आम्ही. सगळे कागद दोनदा पाठवले. दुसरीकडे एक अपार्टमेंट मिळतंय, त्यांना सोमवारी हो-नाही सांगायचंय. तुम्हीच सांगा साहेब, घेऊ की थांबू?"

आता इथे नीट विचार करायला हवा. रिकामं घर म्हणजे चोरांची चंगळ. नळ काढून नेतात, तारा ओढून नेतात. घेणाऱ्याच्या दृष्टीने माणसं आत राहिलेली बरी. म्हणून मी म्हटलं, "घाई करू नका. वर विचार चालू आहे."

हे खोटं नाही. वर कोणीतरी कसला तरी विचार करतच असणार.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निघताना फॉइलमध्ये गुंडाळून गरम लुम्पिया, त्यांच्याकडच्या तळलेल्या सुरळ्या, दिल्या, नको नको म्हणताना. गाडीत बसून सगळ्या खाल्ल्या. फारच कुरकुरीत.

रविवार, ५ एप्रिल.

कॉनीला घराबद्दल सांगितलं. छप्पर, फरश्या, सरबतसुद्धा. बाकीचं सांगितलं नाही. त्याचा घराच्या भावाशी काही संबंध नव्हता.

त्या लुम्पिया आठवल्या. तेलकट.

शुक्रवार, १५ मे.

मालकाने माझे दिवस कमी केले. आता आठवड्यातून तीनदाच यायचं. म्हणाला, "लोक घर घेतील तेव्हा कार्पेट घेतील, लेनी." बघण्याचा एक दृष्टिकोन. मला घर शोधायला जास्त वेळ मिळणार, हा दुसरा.

कॉनी म्हणाली, आता कर्ज मिळालं तर माझ्या पगारावरच. म्हटलं, आपण दोघं काय वेगळे आहोत? ती टेसाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, घालत राहिली.

भाव अजून उतरतायत. कोपऱ्यावरचं घर अजून विक्रीला आलेलं नाही. मधूनमधून ती बाई आठवते. कदाचित त्यांचा अर्ज मंजूरही झाला असेल. तसं झालं असेल तर आपलं नुकसान, पण मी मोठ्या मनाने घेईन.

रविवार, १४ जून.

घर विक्रीला आलं! रिकामं! बर्नाडेटचा सकाळीच फोन. आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. हाच तळ. मला आतून कळलं. शनिवारी बघायला जायचं. कॉनी कितीतरी दिवसांनी हसली.

शनिवार, २० जून.

लिहावंसं वाटत नाही.

घर तिला आवडलं. फार आवडलं. न्हाणीघरात जाऊन फरश्यांवरून हात फिरवत म्हणाली, किती मन लावून केलंय कोणीतरी. मी तिकडे पाहिलं नाही. बैठकीत कार्पेटवर कराओके मशीनच्या पायांचे दाब तसेच होते. बरेच दिवस जड वस्तू एका जागी राहिली की ते जात नाहीत, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो.

बर्नाडेट कुलूप लावता लावता बोलत होती. "वेडीच माणसं हो. शेजारीण सांगत होती, चांगलं अपार्टमेंट हाताशी होतं ते सोडून दिलं. का, तर म्हणे बँकेचे साहेब घरी येऊन गेले, थांबा म्हणाले. बँकेचा माणूस कधी कोणाच्या घरी येतो का? शेवटी घर खाली करायला शेरीफ आला दाराशी. सामान हिरवळीवर. आता चुलतभावाच्या गॅरेजात राहतायत, इथेच शेजारच्या पिट्सबर्गला."

कॉनी म्हणाली, "कसले साहेब?"

"कोण जाणे. टाय लावलेला, हातात पाटी. सरबत पिऊन गेला म्हणे."

कॉनी माझ्याकडे बघायला लागली. मी छपराकडे बघायला लागलो.

हायवे चारला लागल्यावर ती म्हणाली, "गाडी थांबव." पेट्रोल पंपावर थांबलो. "काय म्हणालास तू त्यांना? शब्द न् शब्द सांग."

सांगितले. मोजकेच तर शब्द. गाडीत म्हणून बघितले तेव्हा एप्रिलमधल्यापेक्षा फार वेगळे वाटले. मी नळांचं सांगितलं, तारांचं सांगितलं, रिकाम्या घराचं काय होतं ते सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या नळांची राखण करायला तू त्यांना बसवलंस."

मग म्हणाली, त्या घरात मी एक रात्रही झोपणार नाही.

टेसा मागच्या सीटवर होती. कानांत गाण्याच्या वायरी होत्या. गाणं चालू होतं की नाही, माहीत नाही.

रविवार, २१ जून. फादर्स डे.

सासऱ्यांकडे अंगणात जेवण. आगीवर लिंग्विसा सॉसेज भाजत त्यांनी हाक मारली, "काय लेनी, तुझा तो तळ आला का? का अजून खोल विहीर खणायचीय?" सगळे हसले. कॉनी हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

टेसाने मला कार्ड दिलं. तिने 'बेस्ट डॅड' लिहिलं होतं. ते मी उशीखाली ठेवलं, मग तिथून काढून कपाटात ठेवलं.

संकल्प: त्यांना भेटून माफी मागायची. लवकरच.

शनिवार, २७ जून.

आज जाणार होतो. टायर मऊ वाटला.

शनिवार, ४ जुलै.

सुट्टीच्या दिवशी लोकांकडे जाऊन त्यांचा मूड घालवणं बरं नव्हे. त्याऐवजी काय बोलायचं त्याची उजळणी केली. सुरुवात छान जमलीय. मध्ये देशाच्या आर्थिक परिस्थितीवर थोडं आहे. शेवट हृदयस्पर्शी. मला स्वतःला भरून आलं.

शनिवार, ११ जुलै.

पाठ धरली. कॉनीने बर्नाडेटकडून, बर्नाडेटने त्या शेजारणीकडून पत्ता मिळवलाय. कॉनीने तो फ्रिजवर चिकटवलाय, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. कोपऱ्यावरचं घर रोख पैसे देणाऱ्या कोणीतरी घेतलं, तो म्हणे अशी पाचपन्नास घरं घेऊन भाड्याने देतो. कॉनीला हे सांगितलं. ती म्हणाली, "पाठ उद्यापर्यंत बरी होईल का, का पुढच्या शनिवारी?"

शनिवार, १८ जुलै. पिट्सबर्गहून परत आल्यावर.

गेलो. गाडी मी चालवली, कॉनी शेजारी. उन्हाने रस्ता पांढरा पडलेला.

गॅरेजचं दार अर्धं वर उचललेलं. आत गाद्या, खोकी, भिंतीला टेकवून कराओके मशीन. एर्लिंडा दाराशी स्टुलावर लसूण सोलत होती. मी गाडीतून धड उतरलोही नव्हतो, तेवढ्यात तिने ओळखलं. हातातली ताटली ठेवून उठली. चेहरा असा उजळला की मी अजून डोळे मिटले की तोच दिसतो.

"नेस्टर! अरे बघ कोण आलंय! मी म्हणत नव्हते, साहेब येतील म्हणून?"

मग गाऊनला हात पुसत माझ्याकडे वळून, "आम्ही पत्ता कळवला होता बँकेला. मिळाला ना? बसा, बसा. खुर्ची आणते."

उजळणी केलेलं पहिलं वाक्य आठवेना. म्हटलं, "मी बँकेचा नाही. मी कार्पेट विकतो."

तिला ती थट्टा वाटली. हसली. मग कॉनीकडे बघितलं. कॉनीने मान हलवली, हो म्हणून. हसू एकदम गेलं नाही, चेहऱ्यावर नुसतंच राहिलं, काय करावं ते न कळल्यासारखं.

मी म्हटलं, घर घ्यायचं होतं म्हणून बघायला आलो होतो. तुम्ही बँकेचा समजलात, मी समजू दिलं.

मग तिने विचारलं, "मग आमचे कागद कोणी वाचले?"

"माहीत नाही."

"कोणीतरी वाचलेच असतील ना?"

असतील, हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तिला बरं वाटलं असतं. मलाही. म्हटलं, "खरंच माहीत नाही."

ती खाली बसली आणि परत लसूण सोलायला लागली.

नेस्टर आतून आला. कामाचा शर्ट, हातात डबा. सगळं ऐकलं होतं त्याने. उंच, हाडापेराने मोठा माणूस. वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं. तो माझ्याजवळून जाऊन रस्त्यापर्यंत बघून आला.

म्हणाला, "तुमची गाडी काढा. तिच्यामुळे माझी निघत नाहीये. ड्यूटीला उशीर होतोय."

कॉनी एर्लिंडाजवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी म्हणाली. काय, ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माफीचं मधलं आणि शेवटचं सगळं बोलायचं राहिलं होतं. नेस्टर डबा धरून उभा होता. मी गाडीत बसलो आणि मागे घेतली.