अख्खा वर्ग उभा

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता बरी असेल, दाजींचा खोकला उतरला असेल आणि त्यांनी सोसायटीच्या कुठल्याही बैठकीत तोंड उघडलं नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझे चिरंजीव तर फारच ठीक आहेत. आनंदाची बातमी आधी सांगतो, तुझा मुलगा कॉलेजच्या निवडणुकीत पडला. सपशेल पडला. तेव्हा घोटभर पाणी पी आणि मगच पुढचं वाच.

मुळात तो उभाच कसा राहिला, असं तू विचारणारच. त्याला माझ्याकडे शिकायला ठेवताना तू बजावलं होतंस, की राजकारणाच्या वाऱ्यालाही याला उभा करू नकोस, नाहीतर येऊन घेऊन जाईन. (दाजी सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहिल्यापासून समोरचं बिऱ्हाड जिन्यात तोंड फिरवतं, हे मी विसरलेलो नाही.) पण ताई, मी नागरिकशास्त्र शिकवतो. गवंड्याच्या घरी राहायचं आणि अंगाला सिमेंट लागू द्यायचं नाही, हे जमायचं कसं? त्यातून आमच्या प्राचार्यांनी फर्मान काढलं, की वर्गप्रतिनिधीसाठी यंदाही कुणी उभं राहिलं नाही, तर मुलांना या विषयात रस नाही असं समजून तो बंद करू. विषय बंद म्हणजे मी बंद. मी वर्गात घसा बसेपर्यंत लोकशाहीवर बोललो. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. शेवटी अक्कल गहाण टाकून जाहीर केलं, की जो उभा राहील त्याला प्रकल्प लिहिणं माफ.

अख्खा वर्ग उभा राहिला. त्यात आपले चिरंजीवही. मामा म्हणून त्याचा अर्ज फाडावासा वाटे, पण मास्तर म्हणून फाडता येईना. (एकदा खिशात घातला होता, पण परत ठेवला.) मग भाषणं झाली. प्रत्येकानं स्वच्छ कॅन्टीन आणि हजेरीत सवलत देऊ केली आणि ऐकलं कुणीच नाही, कारण जो तो आपलं भाषण पाठ करत होता. मी मात्र शेवटपर्यंत कान देऊन बसलो होतो, कर्तव्य म्हणजे कर्तव्य. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. सकाळी औषधांच्या दुकानात काम करून मग कॉलेजला येते. ती उठली आणि म्हणाली, आपले तास सुटायच्या आत ग्रंथालयाला कुलूप लागतं, मग कामावरून येणाऱ्यांनी पुस्तकं बघायची कधी? एवढं बोलून खाली बसली.

मतमोजणीला मी आणि शिपाई. ज्याचं नाव निघे त्याला एक मत, पुढच्यालाही एक, त्याच्या पुढच्यालाही एकच. सगळ्यांनी स्वतःलाच मत दिलं होतं, ताई! मला दरदरून घाम फुटला. सगळे सारखे निघाले तर प्राचार्य म्हणणार, हीच का तुमची लोकशाही, आणि मला घरचा रस्ता दाखवणार. तेवढ्यात त्या मुलीच्या नावाची दुसरी चिठ्ठी निघाली. मी शिपायाला मिठीच मारायचा बाकी होतो. दोन मतं घेऊन ती निवडून आली, विषय वाचला, माझी भाकरी वाचली आणि चिरंजीवांच्या नावापुढे भोपळा. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. बाकी सगळ्यांनी स्वतःला मत दिलं, तर स्वतःला न देणारा एकच, आणि ज्याला भोपळा मिळाला तोच तो. मी त्याला विचारलंच. मतदान गुप्त असतं, तूच शिकवलंस, म्हणाला. मग बूट काढता काढता आपणहून बोलला, की स्वतःचं भाषण मलाच पटलं नव्हतं मामा, तिचं पटलं. ताई, इतकी वर्षं शिकवतोय, पण कुणीतरी काहीतरी शिकलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

असो. पोरगं पडलं, राजकारण संपलं, तू निर्धास्त राहा. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता.क. : राजकारण अगदीच संपलेलं नाही. त्या मुलीनं त्याला हाताशी घेतलंय आणि ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं ठेवा म्हणून दोघं वर्गावर्गांतून सह्या गोळा करताहेत. पोरगं पहिल्यांदाच कशाच्या तरी मागे लागलंय, तेव्हा त्याला न्यायला येऊ नकोस. एवढंच सांगायला पत्र लिहिलं, वरचं सगळं पाल्हाळ. आणि आलीसच, तर आधी त्याचं ऐकून घे.

आणखी एक ता.क. : पाकीट बंद करण्याआधी त्याला सगळं वाचून दाखवलं. वर असंही म्हणालो, की मला मत असतं तर मी तुलाच दिलं असतं. त्यावर म्हणतो, “कशाच्या जोरावर, मामा? माझं भाषण चालू होतं तेव्हा तू घोरत होतास.”